रेडाक्ट्योर म्हणजे संपादक नव्हे

प्रश्न असा आहे: "मी कोल्हापूरला एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत तीन वर्षं उपसंपादक आहे. जर्मनची बी-२ परीक्षा झाली आहे. जर्मनीतल्या प्रादेशिक वर्तमानपत्रात संपादकाचं करिअर कसं घडतं? तिथवर पोचायला किती वर्षं लागतात? बाहेरून आलेल्याला जमतं का?"

मी दक्षिण जर्मनीत, स्वाबियन भागातल्या एका दैनिकाच्या स्थानिक कचेरीत एकवीस वर्षं काम करते आहे. त्यातली शेवटची सहा वर्षं त्या कचेरीची प्रमुख म्हणून. दैनिकाचं नाव सांगत नाही, कारण उत्तरात घरच्या चार गोष्टी येणारच.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत 'संपादक' म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर येतो. अग्रलेख त्याचा, धोरण त्याचं, अब्रूनुकसानीची नोटीसही त्याच्याच नावाने. जर्मनमधला 'रेडाक्ट्योर' इतका भारदस्त नाही. उमेदवारी पुरी करून संपादकीय विभागात कायम झालेला प्रत्येक जण रेडाक्ट्योर. नगरपरिषदेच्या सभेला बसणारा, वेळ पडली तर फोटो काढणारा, प्रसिद्धिपत्रकं कापून आठ ओळींत बसवणारा, मथळा देणारा, रात्री पान लावणारा हे सगळे रेडाक्ट्योर, आणि छोट्या कचेरीत तो बऱ्याचदा एकच माणूस असतो. म्हणजे आपला बातमीदार अधिक आपला उपसंपादक. तुम्ही ज्याला संपादक म्हणताय तो 'शेफरेडाक्ट्योर'. तेव्हा तुमच्या प्रश्नाची उत्तरं दोन. रेडाक्ट्योर व्हायला उमेदवारीची दोन वर्षं लागतात. शेफरेडाक्ट्योर बहुतेक जण कधीच होत नाहीत, आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्यांना तर व्हायचंही नसतं. का, ते पुढे सांगते.

त्यासाठी अंकाची रचना कळायला हवी. बाहेरच्या पानांना इथे 'मांटेल' म्हणतात, म्हणजे ओव्हरकोट. त्यात बर्लिनचं राजकारण, जग, अर्थकारण. आत त्या त्या तालुक्याचा 'लोकाल'. कित्येक छोटी दैनिकं मांटेल स्वतः काढतच नाहीत, दुसऱ्याकडून घेतात. आमच्या बाजूला उल्मच्या 'झ्युडवेस्ट प्रेसे'चा कोट अनेक शेजारी दैनिकं अंगावर घालत आली आहेत. हानोफरच्या माडझाक समूहाने २०१३ मध्ये सामाईक संपादकीय केंद्र काढलं, तिथून देशभरच्या अनेक दैनिकांना राष्ट्रीय बातम्या जातात. याचा करिअरशी थेट संबंध आहे. पूर्वी मध्यम आकाराच्या दैनिकातला हुशार माणूस स्थानिक कचेरीतून राजकारणाच्या टेबलावर आणि तिथून राजधानीचा प्रतिनिधी म्हणून जायचा. आता त्या शिडीच्या मधल्या पायऱ्याच काढून नेल्या आहेत. मांटेल कुठेतरी लांब तयार होतो. उरतो तो लोकाल.

उमेदवारीला 'फोलोन्टारिआट' म्हणतात आणि उमेदवाराला लाडाने 'फोलो'. नावावरून स्वयंसेवा वाटेल, पण ही पगारी नोकरी आहे. मुदत साधारण दोन वर्षं. १९९० पासून तिच्यासाठी पत्रकार संघटना आणि प्रकाशक यांच्यातला करार आहे: कोणत्या विभागांत फिरवायचं, बाहेरचे अभ्यासवर्ग किती, शिकवण्याची जबाबदारी कोणाची. बहुतेक फोलो विद्यापीठातली पदवी घेऊन येतात, विषय कुठलाही चालतो. म्युनिकची पत्रकारिता शाळा किंवा हाम्बुर्गची हेन्री नानेन शाळा इथून आलेले लोक प्रादेशिक दैनिकात फारसे टिकत नाहीत, हा माझा अनुभव. टिकतात ते सोळाव्या वर्षी गावाच्या फुटबॉल सामन्याचं वृत्त लिहून ओळीमागे काही सेंट कमावलेले. त्यांना 'फ्राय' म्हणतात, मुक्त वार्ताहर. आपल्याकडच्या तालुका वार्ताहराशी त्यांचं नातं जवळचं. फरक एवढाच की जाहिराती गोळा करणं त्यांच्या गळ्यात नसतं.

माझ्या उमेदवारीच्या चौथ्या महिन्यात टाउन हॉलमध्ये रक्तदात्यांचा सत्कार होता. दहा वेळा, पंचवीस वेळा, पन्नास, पंच्याहत्तर अशा क्रमाने महापौर बिल्ले देतात आणि दुसऱ्या दिवशी सगळी नावं छापून येतात. एकतीस नावं होती. पंच्याहत्तर वेळा रक्त दिलेल्या एका गृहस्थांच्या आडनावाचा शेवट मी चुकवला. श्मिट हे आडनाव इथे डीटीने, दोन टीने किंवा नुसत्या डीने संपतं, आणि तिन्ही घराणी एकाच गल्लीत राहू शकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः कचेरीत आले, अंक बगलेत घडी करून. चिडलेले नव्हते. टेबलावर अंक ठेवला, नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाई, रक्त पंच्याहत्तर वेळा दिलं, पेपरात एकदाच आलो." माझे तेव्हाचे प्रमुख बाजूलाच बसले होते. त्यांनी मला एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी दुरुस्तीच्या चार ओळी स्वतः टाइप केल्या आणि मला गाडीत घालून त्या गृहस्थांच्या घरी घेऊन गेले. दोन वर्षांच्या अभ्यासवर्गांत जे शिकवलं त्यातलं मला फार थोडं आठवतं. त्या गृहस्थांच्या घराचा जिना आठवतो.

कायम झाल्यावर दिवस कसा जातो ते सांगते. सकाळची बैठक, तिच्यात आधी कालच्या अंकाची चिरफाड. याला 'ब्लाटक्रिटिक' म्हणतात. नवख्याला ती लागते, कारण जर्मन माणूस चूक दाखवताना साखर लावत नाही. मग फोन, भेटी, लिखाण. संध्याकाळी सभा. गेल्या हिवाळ्यात आमच्या गावचा बंदिस्त जलतरण तलाव चालू ठेवायचा की बंद करायचा, यावर परिषदेत मतदान होतं. गॅसचं बिल वाढलं, छत गळतं, आणि शाळेतली मुलं पोहायला शिकणार कुठे, असे तीन मुद्दे. साडेनऊ झाले तरी मतदान नाही. पान सव्वादहाला जाणार, त्यात एकशे दहा ओळींची जागा मोकळी. मी मागच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन दोन बातम्या लिहीत होते, एक तलाव राहिल्याची, एक गेल्याची. मतदान नऊ पन्नासला झालं. एका मताने राहिला. दुसरी बातमी पुसताना मला हलकं वाटलं, आणि लगेच त्या हलकेपणाचीच भीती वाटली, कारण माझा मुलगा त्याच तलावात पोहायला शिकला होता.

ही या धंद्यातली खरी अडचण, आणि माझ्या मते त्याचं भांडवलही हेच. ज्याच्याबद्दल लिहिलं तो उद्या सकाळी बेकरीत तुमच्या पुढे रांगेत उभा असतो. मोठ्या शहरातला पत्रकार मंत्र्याला फाडून खातो आणि घरी जातो. मला महापौरांना प्रश्न विचारायचा, आणि त्यांची मुलगी माझ्या मुलाच्या वर्गात. यातून दोनच प्रकारचे रेडाक्ट्योर तयार होतात. एक सगळ्यांशी गोड राहतो. त्याच्या पानावर नुसते सत्कार, फीत कापणं आणि बीअरच्या पिंपाला तोटी ठोकणारे पुढारी. दुसरा इतकं नेमकं लिहितो की ज्याच्यावर टीका झाली तोही रांगेत मान हलवून 'ग्र्युस गॉट', म्हणजे नमस्कार, म्हणतो. दुसरं व्हायला दहा वर्षं लागतात, आणि ती त्याच गावात काढावी लागतात. म्हणून वर जायला लोक कचरतात. प्रमुख, मग मुख्यालयातला 'शेफ फॉम डीन्स्ट' म्हणजे अंक वेळेवर बाहेर काढणारा, मग शेफचा डेप्युटी, मग शेफ. प्रत्येक बढतीला गाव एक टप्पा लांब जातं. शेवटी तुम्ही अंक काढत नाही, आकडे आणि माणसं सांभाळता.

शेफरेडाक्ट्योरचं आयुष्य कसं असतं, याचं सार्वजनिक उदाहरण द्यायचं तर मी एरफुर्टच्या सेर्गेय लोख्टहोफेन यांचं देईन. जन्म १९५३ चा, सोव्हिएत संघाच्या उत्तरेला व्होर्कुटामध्ये. वडील जर्मन कम्युनिस्ट, स्टालिनच्या छावणीत अडकलेले. पुढे कुटुंब पूर्व जर्मनीत आलं. तिथे प्रत्येक जिल्ह्याचं दैनिक सत्ताधारी पक्षाचं मुखपत्र असायचं, एरफुर्टचं 'दास फोल्क'. भिंत पडल्यावर, जानेवारी १९९० मध्ये, त्या कचेरीने पक्षाशी नातं तोडलं, 'ट्यूरिंगर आल्गेमाइने' हे नवं नाव घेतलं आणि लोख्टहोफेन शेफ झाले. जवळपास वीस वर्षं त्यांनी ते दैनिक चालवलं. २००९ च्या अखेरीस मालक समूहाने त्यांना दूर केलं. जर्मन कायद्यात वर्तमानपत्राची दिशा ठरवण्याचा हक्क प्रकाशकाला आहे, आणि कामगार प्रतिनिधींचे इतर कारखान्यांत असणारे काही हक्क इथे चालत नाहीत. शेफची खुर्ची त्यामुळे कचेरीतली सर्वांत उंच आणि सर्वांत डळमळीत. मी तिच्या वाटेला गेले नाही, हे कबूल करते. धाडस नव्हतं म्हणा हवं तर.

जबाबदारीचा मुद्दा तुम्हाला घरचाच वाटेल. मराठी दैनिकांच्या शेवटच्या पानावर अगदी तळाला 'पीआरबी कायद्यानुसार जबाबदार' असं छापलेलं तुम्ही वर्षानुवर्षं पाहिलं आहे (पीआरबी म्हणजे वर्तमानपत्रांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा; २०२४ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली). इथे त्याच कामासाठी 'इम्प्रेसुम' असतो, प्रत्येक विभागाच्या जबाबदार रेडाक्ट्योरच्या नावानिशी. या प्रथेचा एक गमतीदार इतिहास आहे. १८७४ च्या साम्राज्याच्या प्रेस कायद्याने जबाबदार नाव छापणं सक्तीचं होतं आणि खटला झाला की शिक्षा त्यालाच. तेव्हा, विशेषतः समाजवादी पत्रांनी, 'झिट्सरेडाक्ट्योर' ठेवले, शब्दशः 'बसणारा संपादक'. लिहायचा दुसराच, हा तुरुंगात बसायला. आपल्याकडे टिळक केसरीसाठी स्वतःच आत गेले, १८९७ ला आणि १९०८ ला. ही गोष्ट मी एकदा कचेरीत सांगितली तर आमचे क्रीडा रेडाक्ट्योर म्हणाले, "त्यांना माणूस ठेवायला बजेट नव्हतं का?"

आज तुरुंगाचा धाक नाही, 'गेगेनडार्श्टेलुंग'चा आहे. बातमीतल्या एखाद्या विधानाने ज्याला बाधा पोचली, तो स्वतःचं उलट विधान छापून घेऊ शकतो; त्याच विभागात, तशाच टायपात, मध्ये काही न घालता, काही न गाळता. ते खरं आहे हे त्याला सिद्ध करावं लागत नाही. आमच्या एका बातमीवर एका बांधकाम व्यावसायिकाचं असं विधान आलं. आमची बातमी बरोबर होती, पण एका वाक्यात आम्ही 'विकलं' लिहिलं होतं आणि करार फक्त आरक्षणाचा होता. छापावं लागलं. उलट बाजूने कायदा आपल्याही हातात आहे. सरकारी कचेऱ्यांनी पत्रकाराला माहिती देणं प्रेस कायद्याने बंधनकारक आहे, आणि स्रोत सांगायला न्यायालयात नकार देता येतो. माहिती अधिकारात तीस दिवस वाट पाहायची सवय असलेल्या तुम्हाला नगरपालिकेचा माणूस त्याच दुपारी उलट फोन करतो याचं पहिले काही महिने नवल वाटेल.

पत्रकार म्हणवून घ्यायला इथे परवाना लागत नाही, परीक्षाही नाही. त्यामागे १९३३ चा ऑक्टोबर आहे. नाझींनी 'श्रिफ्टलाइटर' कायदा केला, संपादकांची सरकारी यादी बनवली आणि ज्यू माणसांना, ज्यूंशी लग्न केलेल्यांना तिच्याबाहेर ठेवलं. यादीत नाव नाही तर काम नाही. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी जुन्या प्रकाशकांना बाजूला ठेवून नव्या माणसांना परवाने दिले. आजची कितीतरी मोठी प्रादेशिक दैनिकं या १९४५ ते १९४९ च्या परवान्यांची लेकरं आहेत. पत्रकारांची सरकारी नोंदणी असा शब्द नुसता उच्चारला तरी आमचे जुने सहकारी अजून मान वर करतात.

नीतीचे प्रश्न पुस्तकातून येत नाहीत, टेबलावर येऊन पडतात. ११ मार्च २००९ ला आमच्या परिसरातल्या विनेन्डेनमध्ये एका माजी विद्यार्थ्याने शाळेत आणि नंतर पळताना पंधरा जणांना मारलं आणि स्वतःला संपवलं. जगभरचे कॅमेरे त्या छोट्या गावात उतरले. तिथल्या स्थानिक दैनिकाने ठरवलं की मृतांच्या घरच्यांच्या दारात जायचं नाही. बाहेरचे लोक दारोदार घंटी वाजवत असताना गावाचा स्वतःचा पेपर थांबला. मी तेव्हा नवीच होते, आणि त्या निर्णयाबद्दल आमच्या कचेरीत दोन तट पडले होते. आज तट नाहीत. दुसरा प्रश्न रोजचा आहे: आरोपी परदेशी असला तर ते छापायचं का? प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेचं बारावं कलम म्हणतं, सार्वजनिक हिताचं ठोस कारण असेल तरच. ड्रेस्डेनच्या 'झेक्सिशे त्सायटुंग'ने २०१६ मध्ये उलट ठरवलं, प्रत्येकाचं राष्ट्रीयत्व द्यायचं, जर्मन असला तर जर्मन; गाळलं की वाचक परदेशीच समजतात, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो पटत नाही. पण सायकलचोराच्या बातमीखाली 'कुठला होता ते का लपवता?' अशी पत्रं माझ्याही टेबलावर येतात, आणि माझं आडनाव वाचून ती जरा जास्तच तिखट असतात.

आता पैसा आणि भविष्य. पत्रकार संघटनांशी झालेला पगाराचा करार पाळणाऱ्या दैनिकांत कामाची वर्षं मोजून पगार वाढतो, आठवडा कागदावर साडेछत्तीस तासांचा असतो, महिनाभराहून जास्त सुट्टी मिळते. कोल्हापूरच्या मानाने स्वर्ग. पण बऱ्याच प्रकाशकांनी करारातून अंग काढून घेतलं आहे, तेव्हा मुलाखतीत पहिला प्रश्न तोच विचारा. खप १९९१ च्या तुलनेत निम्म्याहून खाली आला आहे. जानेवारी २०१३ मध्ये डोर्टमुंडच्या 'वेस्टफेलिशे रुंडशाउ'चा संपादकीय विभागच बंद झाला, सुमारे १२० रेडाक्ट्योर गेले, आणि अंक मात्र दुसऱ्या दैनिकांच्या बातम्या भरून निघत राहिला. नाव जिवंत, आत कोणी नाही. २०१५ पासून किमान वेतन आल्यावर पहाटे पेपर टाकणं महाग झालं. २०२३ च्या मे महिन्यात ट्यूरिंगेनमधल्या ग्राइत्सजवळच्या काही गावांत फुंके समूहाने छापील अंक पोचवणंच थांबवलं, कारण विखुरलेले काहीशे वर्गणीदार परवडत नव्हते; त्यांना टॅब्लेटवर वाचायला शिकवलं गेलं. तुम्ही ज्या धंद्यात येऊ पाहताय त्यात छपाईची शाई हा आता जोडधंदा आहे. स्थानिक बातमीला मात्र लोक मोबाइलवर पैसे देतात, हे मी आमच्या आकड्यांवरून सांगू शकते. त्या तलावाच्या बातमीने आम्हाला एका रात्रीत जेवढे वर्गणीदार दिले तेवढे एरवी महिन्याला मिळतात.

बाहेरून आलेल्याला जमतं का? जमतं, पण सरळ रस्ता नाही. बी-२ वर दुकान चालतं, दैनिक चालत नाही. सी-२, म्हणजे सर्वांत वरची पायरी, तीसुद्धा सुरुवात. परीक्षेत न येणारी गोष्ट म्हणजे बोली. आमचे जुने नगरसेवक भावनेच्या भरात स्वाबियनमध्ये घसरतात, आणि नेमकं तेव्हाच छापण्यासारखं बोलतात. कोल्हापुरी ऐकून वाढलेल्या माणसाला याचं भय वाटू नये. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही: गाडी चालवण्याचा परवाना. फोलोच्या जाहिरातीत तो जवळजवळ नेहमी मागतात, कारण सभा तीन गावं पलीकडे रात्री आठला असते आणि शेवटची बस सातला गेलेली असते. भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो. मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा जर्मन पद्धतीने, आणि त्याला बरेच पैसे लागतात. ते बाजूला काढून ठेवा.

मी काय केलं तेच सुचवते. इथल्या एखाद्या मध्यम शहराच्या विद्यापीठात दोन वर्षांचा अभ्यासक्रम घ्या, आणि पहिल्या महिन्यात तिथल्या दैनिकाच्या स्थानिक कचेरीत जाऊन मुक्त वार्ताहर म्हणून नाव द्या. मेल पाठवू नका, जा. शनिवार-रविवारी त्यांना माणसं कमी पडतात. विद्यार्थी व्हिसावर कामाच्या तासांना मर्यादा असते आणि मुक्त कामाला वेगळी परवानगी लागते, तेव्हा आधी परदेशी नागरिक कचेरीत विचारून घ्या.

पहिलं काम बहुधा ससेपालक संघाच्या वार्षिक सभेचं मिळेल. हा इथला जुना विनोद आहे, पण संघ खरोखर आहेत आणि सभाही खरोखर होते. कॉफी आणि केक देतील, तो खा. छत्री किंवा वाइनची बाटली दिली तर नम्रपणे तिथेच ठेवा. आचारसंहितेचं पंधरावं कलम त्यासाठीच आहे. आणि निघण्याआधी सचिवांकडून नव्या कार्यकारिणीची यादी कागदावर घ्या. श्मिट असतील तर तिथेच विचारा, डीटी, दोन टी की नुसता डी.